पायगुण

सुभाषनगरच्या बोळात हाँगकाँगची बाई आली
तेव्हा मी वेणी विणत होते,
मांडीवर ओल्या चामड्याच्या वाद्या,
एक दातांत धरलेली.

दीपंकर, दिराचा पोरगा, मध्ये बसला
तिचं इंग्रजी आम्हांला सोलून द्यायला.
लाऊबाई. आखूड केस. पाट दिला तर नको म्हणाली,
तळव्यांच्या ढिगाशेजारी फतकल मारून बसली.

आठ नंबरचे जोड तिला जास्त हवेत.
त्यांच्या बोलीत आठ म्हणजे 'पात',
आणि भरभराट म्हणजे 'फात'.
चार नंबर एकही नको.
चार म्हणताना मरण तोंडात येतं.

माझा पाय चार नंबरचा.
मी तो पातळाखाली ओढून घेतला.

मग तिनं कापशी पायात घातली,
करकरली तशी खुदकन हसली.
आमच्याकडं, म्हणाली, नशीब उघडत नाही, चालतं.
एखाद्याचं फारच फळफळलं की म्हणतात,
ह्याचं नशीब चालत चालत
पायाच्या करंगळीच्या टोकापर्यंत पोचलं.

मामंजींनी स्वतःच्या पायाकडं पाहिलं.
उजव्या करंगळीचं टोक रापीनं नेलंय,
मी उंबरा ओलांडला त्याच साली.
त्याच साली शाहूपुरीतल्या गोदामात
पंचगंगा गळ्याएवढी उभी होती,
कातडी फुगून वर आली होती.
तेव्हापासून ह्या घरात पायगुण हा शब्द
माझ्याशिवाय कुणाला लावत नाहीत.

आत्याबाई बोलल्याच,
"ही आली आन् आमचं नशीब गेलं भाईर."
लाऊबाईला शब्द कळला नाही, सूर कळला.
"छोय!"
जमिनीकडं बघून, थुंकल्यासारखं.
दीपंकर फोनमध्ये अर्थ शोधत बसला.
मी म्हटलं, राहू दे.
त्यांच्यातली 'शुभ बोल नाऱ्या' आहे ती.

अठ्ठ्याऐंशी जोडांची ऑर्डर लिहून
ती रिक्षात बसून गेली.

रात्री करंगळीला तेल चोळत मामंजी म्हणाले,
"आमचंबी आलं आसंल की चालत.
टोकच न्हवतं, तवा गेलं तसंच फुडं."
बराच वेळ कुणी हसलं नाही.
मग आत्याबाईच हसल्या, तोंडाला पदर लावून.

उरल्या चामड्यातून मी
चार नंबरचा जोड कापायला घेतलाय.
तळात बावचीच्या बिया जरा जास्तच घालणार आहे.
बोळाच्या तोंडापासून ऐकू यावं
कोण येतंय.