उसनी सुट्टी

इथे सुट्टीसुद्धा उसनी मिळते.
सात दिवस घ्यायचे,
आणि मागचा-पुढचा रविवार भरून फेडायचे.
गेल्या रविवारी मी पेंगणाऱ्या चाळीस पोरांना
भूतकाळाची रूपं शिकवली,
तू कारखान्यातून डबा
न उघडताच परत आणलास.

लक्ष्मीपूजनाला मंगळवार होता.
साधा, कामाचा, राखाडी मंगळवार.
सांगलीहून निघालेलं खोकं सत्तावीस दिवसांनी पोचलं.
चकल्यांचा भुगा आपण चमच्याने खाल्ला,
बारा पणत्यांतल्या तीन धड निघाल्या.
त्याही लावल्या नाहीत.
छताला तो धूर हुंगणारा लाल डोळा,
आणि तू दुसऱ्या पाळीला.
मी तुझ्यावर रागावले, श्रीरंग,
मंगळवारावर रागावता येत नाही म्हणून.

शनयांगमधले लोक हिवाळ्यासाठी
गॅलरीत कोबी रचून ठेवतात.
तसा तो राग मी ठेवून दिला.
थंडीत काही नासत नाही.

आता त्यांचं नवं वर्ष, आणि आपल्याला सुट्टी.
शहर पिशव्या उचलून गावी गेलंय.
नूडल्सवाल्याच्या शटरवर लाल कागद :
आठव्या दिवशी भेटू.
लिफ्टच्या आरशात आपण दोघंच
सतरा मजले एकमेकांकडे न बघता.

तेलाच्या डब्यावर फुकट मिळालेल्या
दोन लाल पट्ट्या तू दाराला चिकटवल्यास.
हौसेने. थोड्या तिरक्या.
वरच्या मजल्यावरच्या थोंग आजी जिना उतरता उतरता थबकल्या
आणि जिभेने च्‌च्‌ केलं.
उजवीकडची डावीकडे लागली होती म्हणे,
वर्ष आधी संपत होतं आणि मग सुरू होत होतं.
अर्धं तुला कळलं, अर्धं मला,
मिळून एक वाक्य झालं.
कित्येक दिवसांनी.

त्यांची लेक ग्वांगचौला नर्स आहे.
यंदा तिची ड्यूटी लागली.
तिची सुट्टी दुसऱ्याच कुणीतरी उसनी नेली असणार.
हे आजींनी सांगितलं नखाने पट्टी सोलत,
आमच्याकडे न बघता.

संध्याकाळी त्या वाडगा घेऊन आल्या :
गोठवलेली नासपती. काळी ठिक्कर,
वरवंट्यासारखी टणक.
मी गरम पाण्याचा नळ सोडला तर हातावर चापट बसली.
गार पाण्यात घाल, गार.
आणि बस.

बसलो.
वरून त्यांच्या रिकाम्या घरातला टीव्ही
छतातून टाळ्या वाजवत होता.
बघता बघता फळाभोवती काचेचं कवच धरलं.
आतला बर्फ बाहेर येऊन बसला होता
पातळ, पारदर्शक,
बोटाने टिचकी मारली की फुटणारा.

मी म्हटलं, मंगळवारी मी उगाच…
तू म्हणालास, कुठला मंगळवार?
तुला आठवत होता. तुझ्या कानांवरून कळलं.

मग तू उठून त्या तीन पणत्या काढल्यास.
गॅलरीत, कोबीच्या शेजारी,
वजा एकोणीसमध्ये.
तेल त्याच फुकट पट्ट्यांच्या डब्यातलं,
वात मी कापसाच्या मेकअप-चकतीची वळली.
एक वाऱ्याने लगेच नेली.
दुसरीभोवती आजींनी दोन्ही तळवे धरले.
हे काय, कशासाठी, काही विचारलं नाही.
तळवे आतून केशरी दिसत होते.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.
आज कसला गं सण तुमच्याकडे?
त्या कोण? आणि जावईबापू असे का बघतायत?
तुझ्या तोंडात अख्खी नासपती,
रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेला,
आणि दातांना अशी कळ
की डोळ्यांत पाणी.

सुट्टी आहे, आई, म्हटलं.
रविवारी फेडायचीय.