एकाआडचा ताप

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
नळाला पाणी सकाळी पाऊण तास.
तेवढ्यात काचा धुऊन घेतो.
(आमच्याकडे बायकासुद्धा घेतो, येतो म्हणतात.)
रजिस्टर कन्नडात लिहितो,
पेशी मात्र मराठीतच मोजतो.

आज गुंडू सुतार, जांबोटीकडचा.
गोव्यात सेंट्रिंगच्या कामावर होता.
स्वतः काही बोलत नाही, रुक्मव्वा बोलते:
"एक दिवस दातावर दात.
दुसऱ्या दिवशी बरा की हो, भाकरी मागतो.
तिसऱ्या दिवशी परत तेच."
मेडिकलवाल्यानं दोन रंगांच्या गोळ्या दिलेल्या,
पाच दिवसांच्या. एकशे चाळीस रुपये.

बोट टोचतो. थेंब पसरतो, वाळतो,
निळी शाई चढते.

काही रोग सरळ समोर येतात.
परवा कौलांच्या भट्टीवरल्या पोराचं गळू फुटलं,
पुवात जांभळे दाणे, जोंधळ्याच्या कणसागत दाटीनं.
रात्रभर उबेत ठेवले तर सकाळी
बशीवर गाव वसवून बसतात.
तसली गोळी त्यांच्यासाठी असते.

शांताव्वाची सर्दी मात्र
जन्मभर भिंगाखाली धरली तरी कोरीच.
चोर दिसत नाही,
कुत्री कुठं भुंकली एवढं कळतं:
कधी घसरलेला पेशींचा आकडा,
कधी पट्टीवर दुसरी, पुसट रेघ.
"गोळी नको आज्जी, पेज घ्या, पडून राहा,"
म्हटलं की अशी बघते
जसं मी तिचं रेशन अडवलंय.

गुंडूचा थेंब सरकवत राहतो.
शंभर खिडक्या रिकाम्या.
मान अवघडते.
एकशे चौथीत
एक तांबडी पेशी, फुगलेली,
आत अंगठी,
अंगठीला एकच खडा.

हा भाडेकरू.
दार लावून आत जेवतो,
पंधरा-वीस पोरं वाढवतो,
आणि अठ्ठेचाळीस तासांनी
घर फोडून सगळी एकदम रस्त्यावर.
तेच ते, दातावर दात.
रुक्मव्वानं भिंगाशिवाय घड्याळ लावून सांगितलेलं.
गोळ्या देताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

हिरेमठ मॅडम दारातून विचारतात, "येनु?"
मी काच पुढं करतो.
त्या वाकून बघतात, बराच वेळ.
मग वेगळी चिठ्ठी, चौदा दिवसांची.

रुक्मव्वा पदराची गाठ सोडते.
दोन रंगांच्या सहा गोळ्या उरलेल्या.
"ह्या परत घेतील काय हो?"

मी हात धुवायला वळतो.
पाणी गेलेलं.