निरंक

नाशिक महापालिका, नगररचना विभाग. मी आरेखक.
एकोणीस वर्षं रेघा मारते आहे,
आधी शाईच्या पेनाने, आता माउसने.
रेघ तीच, अठरा मीटरची.

प्रस्तावाच्या सातव्या पानावर एक रकाना असतो:
‘जागेवरील जैवविविधता, असल्यास तपशील.’
त्यात मी लिहीत आले: निरंक.
किती सुबक शब्द. टाचणीसारखा.
लावला की कागद हलत नाही.

या वेळी समितीने फाइल परत पाठवली.
शेऱ्यात एकच ओळ: निरंक कुणी पाहिलं?
शिरुडे साहेब म्हणाले, जाऊन या एकदा.

म्हणून एप्रिलच्या दुपारी मखमलाबाद शिवारात,
डाव्या कालव्याच्या खाली,
नकाशात जिथे ‘वाहनतळ’ लिहिलंय तिथे.
सोबत उद्यान विभागाचा भिवाजी बेंडकोळी.
त्याच्या हातात कोयता, माझ्या हातात टेप.

ताई, पाय जपून, तो म्हणाला.
मला काही दिसेना. खडी, बाभळीचा पाला.
मग खडीतले चार खडे
अंडी झाले.
टिटवी डोक्यावरून ओरडत गेली,
हरकत नोंदवत,
तीस दिवसांची मुदत सुरू व्हायच्या आत.

आमच्याकडे ओहोळाला नाव नाही,
तो दोन तुटक रेघा आहे.
भिवाजी त्याला सोनजाईचा व्हळ म्हणतो.
लव्हाळं, निर्गुडी, दरडीत खंड्याचं बीळ,
एक उंबर, आणि त्याच्या वाळक्या फांदीत
तांबटाने स्वतः कोरलेली खोली.
खेकड्यांची बिळं मोजताना भिवाजी मध्येच थांबला.
‘झोपल्यात अजून,’ म्हणाला, हळू आवाजात.

रकाना दीड इंचाचा.
उंबर लिहिला तर तांबट बाहेर राहतो.
अक्षर बारीक करून पाहिलं.
शेवटी पान उलटलं
आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहीत सुटले.

साहेबांनी पाठकोरी बाजू दोनदा वाचली. चष्मा पुसला.
कायद्यात ‘कर्तव्य’ असा शब्द आहे हो, म्हणाले,
आपण तो ‘बाब’ असा वाचत आलो.
मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
रस्ता किती वाकवावा लागेल?
अकरा मीटर, सर.
त्यांनी सही केली नाही. फाइल बंदही केली नाही.
ती अजून त्यांच्या टेबलावर आहे, उघडी,
वर पेपरवेट.

खाली अभिलेख कक्षात लाल फडक्यांत
माझी एकोणीस वर्षं बांधून ठेवली आहेत.
त्यातल्या निरंकांवर आता सोसायट्या उभ्या आहेत.
एकीचं नाव ‘मयूरबन’.
मी तिथेच राहते, दुसऱ्या मजल्यावर.

पावसाळ्यात रात्री कधी कधी
आमच्या पार्किंगमध्ये एक खेकडा येतो.
वॉचमन झाडूने गेटबाहेर लोटतो.
तो वळतो, परत येतो,
सरळ माझ्या स्कूटरखाली.
पत्ता बदलल्याचं
त्याला कुणी कळवलेलं नाही.