उजवा कौल

ओरोसच्या हॉस्पिटलात तिच्या पायाला पट्टी होती,
माझ्या करंगळीएवढ्या पायाला,
त्यावर माझंच नाव : बेबी ऑफ शमिका.
नऊशे ऐंशी ग्रॅम.
सुरमई याहून मोठी येते, मीच बोलले
आणि मीच बाथरूममध्ये जाऊन रडले.

तू पहाटेच्या एसटीने गावी गेलास, खाडीपलीकडे,
गुरवाला उठवलंस.
काळ्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावून
गाऱ्हाणं घालताना त्याने विचारलं म्हणे,
चेडवाचा नाव काय?
अजून ठेवूक नाय.
मग देवाला सांगायचं तरी कुणाचं?
तारींची वेल, असं काहीतरी म्हणाला तो
आणि मागून तू, एकटाच : होय म्हाराजा.

मी मिरजेची. आमचा देव देव्हाऱ्यात बसतो,
आंघोळ करतो, साखर खातो,
त्याला कुणी प्रश्न विचारत नाही.
तरी त्या दिवशी मॉनिटरच्या हिरव्या रेषेला
किती वेळा म्हटलं, उजवीकडे जा, उजवीकडे.
ती तशीही उजवीकडेच जात होती.

संध्याकाळी आलास. शर्टाला धूप आणि डिझेल.
"उजवा दिल्यान," म्हणालास.
अकरा दिवसांनी मी झोपले,
बाकावर, तुझ्या पिशवीवर डोकं ठेवून.
पिशवीत नारळ होता, टोचत होता.

दुपारी डॉक्टर काय म्हणाले
ते मी तुला सांगितलं नाही.
बरं आहे म्हणाले, एवढंच.

आता ती चार वर्षांची. नाव अबोली, तोंडाला खळ नाही.
परवा जत्रेत खाज्यांच्या दुकानापाशी
गुरव भेटला. ओळख काढत, हसत म्हणाला,
"त्या दिसा पाकळी पडूकच नाय वो.
तासभर बसलो तुमचो घोव,
मगे येष्टी चुकात म्हणान उठलो."

मी वळून पाहिलं.
तू तिला खांद्यावर घेतलेलं,
तरंग दिसावेत म्हणून टाचा उंचावून उभा,
तिने दोन्ही मुठींत तुझे केस धरलेले.
मी काही विचारलं नाही.
खाजं घेतलं, पाव किलो.

काल रात्री ताप होता तिला.
तू थर्मामीटर दिव्याकडे धरलास
आणि पारा नीट दिसायच्या आधीच म्हणालास,
उतारलो.

होय म्हाराजा, मी म्हटलं,
आणि पाण्याची पट्टी बदलली.