समोच्च रेषा

सिमरोळ सुटलं की रस्ता माळवा विसरायला लागतो.
ओजस म्हणाला, मावशी, इथंच थांबव.
डावीकडं टेकडी, साग अर्धा झडलेला,
एका पत्र्यावर खडूनं: १.
एवढंच.

आम्ही दोघं सपाटीवरचे खेळाडू.
इंदूरात, चिमणबागेत, क्रिकेटवाली पोरं यायच्या आत
धोब्याची टोपली मांडून चकत्या फेकत आलेलो.
तिथं माझी चकती मी म्हणेन तिथं बसते,
शहाण्या मांजरासारखी.

इथं पहिलीच
साखळ्यांना न शिवता वरून गेली
आणि दरीनं तिला खालून हात दिला.
तरंगत, रमतगमत,
शाळेला सुट्टी लागल्यासारखी.
ओजस हसला नाही.
मग त्याची गेली.
मग दोघंही हसलो.

सव्वीस वर्षं मी फळ्यावर समोच्च रेषा काढल्या.
रेषा जवळजवळ, तर उतार तीव्र.
पोरांनी वहीत उतरवून घेतलं, मीही घेतलं होतं कधी.
पण तीव्र म्हणजे पोटरीत भरलेला गोळा,
तीव्र म्हणजे सरळ फेकता यावं म्हणून
एक पाय वीतभर खाली रोवून
वाकडं उभं राहायचं,
हे कुठल्या वहीत होतं?

तिसऱ्याला टोपली दिसेचना.
नुसती चढण, वर आभाळ,
आणि खडकावर एक बाई, अकरा शेळ्या घेऊन.
"थाली क्यूं फेंको हो, बेन?"
म्हटलं, पलीकडं जाळी आहे, तिच्यात टाकायची.
ती वळून जाळीकडं बघून आली. मग माझ्याकडं बघितलं.
"तो जईने धर दो नी."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

तिनं चिमूटभर वाळलं गवत सोडलं.
गवत खाली पडलं नाही, वर गेलं, माझ्या केसांत.
निमाडातून चढतो वारा, म्हणाली, ऊन तापलं की.
म्हणून मी कमरेखालून फेकली,
अंगणात पाणी शिंपडावं तशी.
चकती चढणीला घासत गेली, दिसेनाशी झाली,
आणि पलीकडं कुणाच्या तरी हातून
किल्ल्यांचा जुडगा पडला.

पळत गेलो. पळत म्हणजे, ओजस पळत गेला.

पुढचा हिशेब पोह्यांच्या कागदावर आहे,
तेलाच्या डागाखाली, एकाहत्तरपर्यंत.
मग मोजणं सोडलं.
सातव्याला माझी निळी घाणेरीत शिरली.
तासभर काठीनं उचकटत बसलो,
हात ओरबाडले, एक होला उडाला,
एक जुनी चप्पल मिळाली, डाव्या पायाची.
बाई लांबूनच ओरडली,
बकऱ्या खाणार नाहीत, काळजी नको.

निळीवर माझा नंबर आहे, मार्करनं लिहिलेला.
दहा दिवस झाले.
अनोळखी फोन वाजला
की हाताच्या आधी पोटरी उठते.