कंसातला बेस्तवार

पाटी कानडीत आहे :
भारी वाहनगळिगे प्रवेशविल्ल.
'प्रवेश' दोघांचा, 'इल्ल' त्यांचं,
आणि खाली गेरूने कुणीतरी मराठीत :
फक्त बेस्तवारी, सकाळी सहा ते दोन.

मी नकाशात नुसतं 'नाही' टाकलं होतं.
त्या 'नाही'ने बाबगोंडाचा तंबाखूचा ट्रक
बुधवारी रात्री अकराला
पार यमगर्णीकडून फिरवून निपाणीत आणला.
सकाळी तो दारात उभा.
"गल्ली मोकळी होती की गा.
मधोमध एक कुत्रं झोपलेलं, तेवढंच.
तुझ्या मशीनला बेस्तवार कळत नाही काय?"

कळतो. लिहावा लागतो.
आपण म्हणतो, बाजार असला तर,
गाडी सात टनांच्या वर असली तर,
जाता येत नाही.
नकार वाक्याच्या शेवटी. कानडीतही तसंच.
यंत्राला नकार आधी हवा,
मग ते शेपूट गुंडाळून बसलेलं चिन्ह,
मग कंस, आणि कंसात कारण, मोजून.
अर्धविराम चुकला की रविवारसुद्धा बंद.
दोन अटी भांडल्या तर शेवटची जिंकते
(हे मात्र आमच्या घरासारखं).

दुधाचा टेम्पो? चालतो.
मयत असली तर सगळंच चालतं, गंगव्वा म्हणाली.
हत्तरगी हवालदार जेवायला गेल्यावर
काय काय चालतं, त्याला चिन्ह नाही.
मी शोधलंही नाही.

चार रात्री कंस उघडले, मिटले.
एकदा एक उघडाच राहिला
तर यंत्र अख्खी अट ओलांडून गेलं, न वाचता,
परगावचे ड्रायव्हर पाटी ओलांडतात तसं.

आज बेस्तवार. दोन वाजून एक मिनिट.
फोनवर गल्ली निळी झाली.
बाबगोंडा ट्रक घेऊन तोंडाशी आला.
आत गंगव्वा अजून बसलेली,
पोत्यावर शेपूच्या तीन जुड्या,
एका बाईशी दोन रुपयांवरून
दोन्ही भाषांत भांडत.

त्याने हॉर्न दिला नाही.
इंजिन बंद केलं,
दार उघडून पाय बाहेर सोडले,
चुना मळत बसला.

सव्वादोनला तिने पोतं झटकलं.

कंसात मी दोनच ठेवलंय.