टेप परत गुंडाळताना

कुडचड्यात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
सोड्याच्या दुकानामागे बाबांचा व्हिडिओ होता.
बावीस खुर्च्या, दोन बाकं, एक पंखा,
तो फक्त बाबांच्या बाजूला वळायचा.

कॅसेटी आणायचा कायतान तारवटी.
बोटीवरून उतरताना साबण, चीजचे डबे,
आणि तळाशी बनियनीत गुंडाळलेले हे सिनेमे.
कव्हर नाही, नाव नाही.
बाबा फळ्यावर खडूने लिहीत: आज सुरीवाला.
पुढच्या आठवड्यात: दुसरा सुरीवाला.

गोष्ट तीच.
तळ्याकाठी घर, सुट्टीला आलेली सहा पोरं,
कुणीतरी पूर्वी मेलेलं, बाकीचे ते विसरलेले.
मग अर्धा तास नुसतं चालणं,
जिना, बोळ, दार, पुन्हा तोच जिना,
दुसरा बांधायला पैसे कुठले.
शाबू वेळीप ट्रकची शेवटची खेप टाकून यायचा
आणि तेवढ्यात झोपून घ्यायचा.
"मारूंक लागलो काय म्हाका उठय."

चुका मला तोंडपाठ होत्या.
वरून डोकावणारा माइक.
श्वास घेणारं मढं.
एकच किंकाळी तीन पोरींना वाटून दिलेली.
आणि रक्त! आगळात मैदा कालवावा तसं,
पायरीवर येऊन थबकणारं,
पुढे काय करायचं ते न सुचल्यासारखं.
बाकांवरची माणसं हसत.
त्यांच्या शर्टांवर खाणीची धूळ असे,
त्याहून लाल.

पण मग ते दार.
संगीत अचानक थांबायचं, विकत घेतलेलं संपलं असावं.
कॅमेरा हातात, आणि तो हातच घाबरलेला.
दिवे परवडले नाहीत म्हणून अंधार,
आमच्या परसातल्या न्हाणीत असतो तसला,
आणि कुणीतरी श्वास घेतंय,
पडद्यातलं की शेजारचं, कळत नाही.
बावीस खुर्च्या एकदम करकरत.
पुढे मडगावच्या थंडगार थिएटरात महागडे पाहिले,
भुताचा केस न् केस मोजावा इतके स्वच्छ.
न्हाणीपर्यंत माझ्यामागे
त्यातलं कुणी आलं नाही.

एका गोष्टीला मात्र कुणी हसत नसे:
आधी कोण मरणार.
जी मोठ्याने हसली ती.
जिने ओठ रंगवले, एकटीच पोहायला गेली, ती.
बाकांवरून शिट्टी यायची, मग सुरी,
दोन्हींत फारसं अंतर नसायचं.
शेवटी उरायची ती गळ्यापर्यंत बटणं लावलेली.
मी तेरा वर्षांची होते.
एकदा मी माझी बटणं मोजली होती.

माझं काम शो सुटल्यावर, टेप परत गुंडाळायचं.
"चित्र बघत गुंडाळू नकोस, हेड झिजतं,"
बाबा बजावत आणि गल्ला घेऊन जेवायला जात.
मी बघतच गुंडाळायची.

आवाज नाही. पडद्यावर मुंग्यांच्या रांगांसारख्या रेघा.
सुरी मागे सरायची,
आगळ गोळा होऊन आत जायचं, भोक मिटायचं,
आणि पोर उठायची.
उलट्या पावलांनी, आमच्याकडची भुतं चालतात तशी,
पण जिवंत होत होत, जिना चढायची.
खुनी मागे मागे झाडीत शिरायचा,
दार चुकलेल्या पाहुण्यासारखा.
तळ्यातून ती कोरडी बाहेर यायची.
ओठांचा रंग कांडीत परत,
आणि सहाही जणं गाडीत, हसत, घराकडे.

कायतानची पियेदाद एकदा शेजारी बसून हे बघत होती.
म्हणाली, "ही बरी गोष्ट. लोकांना हीच दाखव की."

पुढच्या रविवारी बाबा तापाने पडले.
मी फळ्यावर लिहिलं: आज उलटा सुरीवाला.
बारा मिनिटांत संपला.
कुणी हसलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही.
दिवा लावला तसा शाबू डोळे चोळत उठला.
"मेलें कोण?"
"कोणूच ना," मी म्हणाले.

त्याने दीड रुपया परत मागितला.
मी दिला.